हिरवी कालवे आणि कोकणच्या खाड्या

१९८६ च्या प्रारंभी तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एरजेन नदीच्या मुखाजवळ जोपासलेली कालवे हिरवी पडली. नदीकाठी परदेशांतून, विशेषतः अमेरिकेतून आलेल्या भंगाराच्या राशी जाळून आणि आम्लात धुऊन तांबे काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला होता. ते तांबे पाण्यातून कालवांच्या मांसात उतरले. श्रीमंत देशांचा कचरा, गरिबांचे हात आणि पोटात घ्यायला समुद्र, असा हा व्यवहार! असा कचरा देशोदेशी धाडण्यावर बंधने घालणारा बाझल करार त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये झाला.

कालव, शिनाणे, तिसऱ्या हे जीव एका जागी बसून तासाला काही लिटर पाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. पाण्यासोबत आलेले तांबे, जस्त, कॅडमियम, शिसे त्यांच्या शरीरात साठत जाते. पाण्याच्या नमुन्यात नगण्य दिसणारा धातू त्यांच्या मांसात हजारो पटींनी आढळू शकतो. पुढे त्यांना खाणारे शिकारी शंख, खेकडे, पाकट, पक्षी आणि अखेर माणूस अशी साखळी चालते. अर्थात सर्व धातू सारखे वागत नाहीत. कॅडमियम व शिसे शिंपल्यातल्या जीवांत भरपूर साठते, परंतु माशांच्या मांसात तितके चढत नाही. सेंद्रिय पारा मात्र साखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढतच जातो. शिजवल्याने यांतील काहीच नाहीसे होत नाही. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवले तर कालवातील बरेच जंतू जातात, धातू जायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

तैवानची कालवे निदान हिरवी तरी झाली. पाऱ्याला रंग नाही. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ पासून पारा उपसागरात जात होता. मासे खाऊन आधी मांजरे पिसाटली, मग माणसे. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला घालून कारण ओळखले, पण कंपनीने तो निष्कर्ष दडपला. सरकारने कारखान्याला दोषी मानले ते १९६८ मध्ये. तोपर्यंत आईच्या उदरातच पारा भिनलेली मुले जन्मास आली होती.

आता आपल्या दाराशी पाहू. राज्याचा कांदळवन कक्ष किनाऱ्यावरील बचत गटांना कालवे व शिनाण्यांच्या पालनासाठी साहाय्य देतो. उपक्रम स्तुत्य आहे. गावातील भगिनींना गावातच रोजगार मिळतो. परंतु त्याच कोकणात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे आणि तिच्या प्रदूषणाने दाभोळ खाडीतील मासेमारीची झालेली हानी गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात नोंदवलेली आहे. एका हाताने दोर-तराफे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने खाडीत सांडपाणी सोडू द्यायचे, याला विकास म्हणत नाहीत. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हे सूत्र आपण बौद्धिकांतून ऐकतो. येथे तर शोषणही नाही, सरळ विषप्रयोग आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या ताटात कालव कधी येत नाही. म्हणून हा भोई, कोळी, गाबीत बांधवांचा प्रश्न, असे मानणे समरसतेच्या गोष्टी करणाऱ्यांना शोभत नाही. आणि बोट केवळ कारखान्यांकडे दाखवूनही भागणार नाही. मूर्तींच्या रासायनिक रंगांतील शिसे विसर्जनानंतर कोठे जाते, हेही स्वतःस विचारावे.

उपाय फार अवघड नाहीत. पालनाची जागा ठरवण्यापूर्वी तेथील गाळाची आणि आधीपासून वाढणाऱ्या कालवांच्या मांसाची धातूंसाठी तपासणी व्हावी, पुढे पावसाळ्याआधी व नंतर ती पुन्हा व्हावी. युरोपीय संघात शिंपल्यातील अशा जीवांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. आपल्या खाडीतील आकडा किती, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे. तपासणीचा खर्च मात्र बचत गटाच्या माथी नको. तो सांडपाणी सोडणाऱ्या वसाहतीने द्यावा, आणि नमुने घेताना गावातील दोन माणसे होडीत असावीत.