पटत नसेल तर निघून जा?

आमच्या गटाचं समाजमाध्यमावरचं पान मध्यंतरी एका रात्रीत बंद झालं. नवऱ्यानं मारलेल्या एका बाईचा फोटो आम्ही तिच्याच सांगण्यावरून तिथं टाकला होता. 'नियमभंग' एवढंच उत्तर आलं. कोणता नियम, ठरवलं कुणी, दाद कुठे मागायची, काही नाही. आठ वर्षांचे अहवाल, मोर्च्यांचे फोटो, बायकांनी लिहिलेलं सगळं गेलं. एका बैठकीत हे सांगितलं तर एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "बाई, जागा कंपनीची, तुम्ही फुकट वापरता. पटत नसेल तर निघून जा."

हे वाक्य आम्ही सल्ला केंद्रात रोज ऐकतो. घर माझं, तुझं इथं काय आहे? जिच्या राबण्यावर घर उभं तिलाच हा सवाल! आपलं लिहिणं, आपले फोटो, आपली नातीगोती यांच्या जोरावरच तर या कंपन्या जाहिराती विकतात. फुकट कोण कुणाला देतंय?

आणि नियम ठरवताना आम्हाला विचारा, हे म्हणणं काही जगावेगळं नाही. फेसबुकनं स्वतःच २००९ साली वापरणाऱ्यांना नियमांवर मतदानाचा हक्क दिला होता. अट अशी, सक्रिय वापरणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांनी मत दिलं तरच निकाल बंधनकारक. डिसेंबर २०१२ मध्ये हा हक्कच काढून घ्यायचा प्रस्ताव मतदानाला आला. सुमारे ६ लाख ६८ हजार लोकांनी मत दिलं, त्यातले ८८ टक्के विरोधात. पण वापरणारे १०० कोटींवर, म्हणजे हवी होती ३० कोटी मतं. हक्क गेला.

अशा अटी आपल्या ओळखीच्या आहेत. दारूचं दुकान बंद करायचं तर एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, इतकंच काय, मेलेली पण यादीत राहिलेलीसुद्धा उभ्या बाटलीच्या पारड्यात! (आमदार निवडताना अशी अट कुणी घातल्याचं ऐकिवात नाही.) तरी तिथं यादी वाचता येते, आक्षेप घेता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात ठिय्या देता येतो. इथं दारच नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, मग सरकारनं लक्ष घालावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला सरकारनं लक्ष घातलंच होतं. मुंबई बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीनं ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक! ते ६६अ कलम श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. आता कंपनीविरुद्ध अपील ऐकायला २०२३ पासून समित्या आहेत, पण त्यांचे सदस्य नेमणार केंद्र सरकार. म्हणजे सासऱ्याची तक्रार दिराकडे.

पान बंद करण्याआधी नियम दाखवून, मराठीत कारण द्या. आमचं म्हणणं ऐका. आमचं लिखाण आम्हाला परत करा. आणि निवाडा करणाऱ्या समितीत वापरणाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत, निम्म्या बायका. पंचायतीत निम्म्या जागा घेतल्यात, इथं कमी का घ्यायच्या?

ज्यांची पानं अशी बंद झाली त्यांनी तारीख आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून आमच्याकडे पाठवा. त्या बाईनं परवा विचारलं, "ताई, माझा फोटो का काढला?" तिला काय सांगू?