इशारा : 4 मार्चपर्यंत चौकशी करा, नाहीतर शपथ होणार नाही

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या प्रेस शॉपच्या मालकांना, प्लांट मॅनेजरांना आणि कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारांना आम्ही कामगार जाहीरपणे कळवत आहोत. गेल्या वर्षभरात तुमच्या कारखान्यात झालेल्या प्रत्येक अपघाताची, आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक अपघाताचीही, लेखी चौकशी येत्या 4 मार्चच्या आत पूर्ण करा. चौकशीत जो दोष सापडेल तो दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती कामगारांना मशीनवर नेऊन दाखवा. हे झालं नाही तर त्या दिवशी, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, गेटच्या आत रांगेत उभं राहून, हात पुढे करून सुरक्षेची शपथ आम्ही घेणार नाही. त्यानंतर काय करणार तेही खाली लिहिलं आहे. नंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' असं कोणी म्हणू नये.

आमचा राग कशावर आहे ते नीट समजावं म्हणून एका प्रेस शॉपमधलं सांगतो. नाव देत नाही. दुसरी पाळी होती. 50 टनी जुना मेकॅनिकल प्रेस, चावी क्लचचा. ऑपरेटर ब्रॅकेट काढत होता. एक जॉब डायमध्ये चिकटला. पाय पेडलवरून काढून त्याने हात आत घातला, आणि पेडल कोणी दाबलेलं नसताना रॅम दुसऱ्यांदा खाली आला. हातमोज्याचं टोक डायमध्ये चेपून फाटलं. बोट शाबूत राहिलं. शेजारचा म्हणाला, "वाचलास रे, देवाची कृपा." सुपरवायझर आला, "हात कशाला घालतोस, चिमटा वापर" म्हणाला, आणि पाच मिनिटांत प्रेस पुन्हा सुरू झाला, कारण रात्री डिस्पॅचची गाडी लागणार होती. मेंटेनन्सला निरोप गेला नाही. शिफ्टच्या वहीत एक ओळ लिहिली गेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच प्रेसवर, रात्रपाळीत, नव्याने लागलेल्या एका कंत्राटी मुलाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. अहवालात कारण लिहिलं होतं : कामगाराचा निष्काळजीपणा.

प्रेस 'डबल मारतो' म्हणजे काय, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्लचची चावी झिजते, तिची स्प्रिंग ढिली पडते किंवा तुटते, ब्रेकचं लायनिंग घासून गुळगुळीत होतं किंवा त्याला तेल लागतं. मग रॅम वरच्या टोकाला थांबायचा तो थांबत नाही आणि पुन्हा खाली येतो. म्हणजे पहिल्या रात्री हातमोजा फाटला तेव्हाच त्या प्रेसने सगळं सांगून टाकलं होतं. एक स्प्रिंग आणि एक लायनिंग एवढ्यावर ते काम भागलं असतं. त्या मुलाची बोटं टाळता येत होती. ती टाळली गेली नाहीत, आणि ही गोष्ट आम्ही विसरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचा कारखाना लहान, आम्हाला सेफ्टी ऑफिसर ठेवण्याची सक्ती नाही, चौकशी कशी करायची ते आम्हाला कुठे येतं. हे आम्ही ऐकून घेणार नाही. तुम्हाला चौकशी उत्तम येते. ग्राहक कंपनीकडून एक ब्रॅकेट परत आला, त्याच्या भोकाचं माप जरासं हुकलं, तर तुमची क्वालिटीची माणसं त्याच दिवशी व्हाय-व्हाय ॲनालिसिसला बसतात. एट-डीचा रिपोर्ट भरला जातो. डाय उघडली जाते, मालाचा लॉट बाजूला काढला जातो, कोणत्या शिफ्टला कोणत्या मशीनवर माल निघाला ते शोधलं जातं. तिथे 'ऑपरेटर निष्काळजी होता' एवढं कारण लिहून पाठवलं तर ग्राहक कंपनी तो कागद परत पाठवते आणि मूळ कारण मागते. 'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत मुळाशी जायची ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून जगभर गेली आणि तुमच्या शॉपफ्लोअरच्या भिंतीवर तिचा तक्ता लावलेला आहे. पत्र्याच्या तुकड्यासाठी जी चौकशी तुम्ही करता, तीच माणसाच्या हातासाठी करा. आमची मागणी एवढीच आहे.

करून बघा. रॅम दुसऱ्यांदा का आला? चावीची स्प्रिंग तुटली होती. ती आधी का बदलली नाही? महिन्याची देखभाल झाली नव्हती. का झाली नव्हती? ऑर्डर अंगावर होती म्हणून प्रेस थांबवू दिला नाही. तो निर्णय कोणी घेतला? इथे पोहोचलं की खोलीत शांतता पसरते, आणि बहुतेक चौकश्या इथेच गुंडाळल्या जातात. दुसऱ्या बाजूनेही विचारा. हात डायमध्ये का गेला? जॉब चिकटत होता. का चिकटत होता? स्ट्रिपर नीट काम करत नव्हता, आणि हे ऑपरेटरने दोनदा तोंडी सांगितलं होतं. गार्ड कुठे होता? डाय बदलल्यावर जुना गार्ड बसत नव्हता, म्हणून काढून कोपऱ्यात ठेवला होता. दोन्ही हातांची बटणं का नव्हती? पेडलवर माल जास्त निघतो. या साखळीत त्या मुलाची चूक शोधून दाखवा.

मोठ्या दुर्घटनांचाही इतिहास हेच सांगतो. भोपाळला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला, पण त्याच कारखान्यात डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा जीव घेतला होता. 1982 च्या जानेवारीत पुन्हा गळती होऊन कामगार रुग्णालयात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकी पथकाने पाहणी करून धोके लिहून दिले होते. पत्रकार राजकुमार केसवानी शहराला सावध करणारे लेख लिहीत होते. तरीही त्या रात्री थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि फ्लेअर टॉवरची जोडणी तुटलेली होती. आपल्या डोंबिवलीत 26 मे 2016 रोजी एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन 12 माणसं गेली. चौकशी समिती नेमली गेली. 23 मे 2024 रोजी त्याच एमआयडीसीत, आणखी एका रासायनिक कारखान्यात, पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसं गेली. पहिल्या स्फोटातून सगळ्या वसाहतीने काय शिकायचं होतं, या प्रश्नाचं उत्तर आम्ही आजही मागतो आहोत.

कायद्याची आठवण करून देतो. 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाली की सरकारला कळवायचं, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केलं. त्याच कायद्यात धोकादायक घटनांचं वेगळं कलम होतं : कोणाला इजा झालेली असो वा नसो, ठरावीक प्रकारच्या घटना कळवल्याच पाहिजेत. आता 2020 ची नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, तरी कळवण्याचं हे बंधन गेलेलं नाही.

आणि या बंधनातून सुटका कशी करून घेतली जाते तेही आम्ही पाहतो. हाताला बँडेज बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून टाइम ऑफिसच्या बाकावर बसवलं जातं. हजेरी लागते, म्हणजे 48 तास भरत नाहीत. ईएसआयच्या दवाखान्याऐवजी खाजगी डॉक्टरकडे नेऊन रोख पैसे मोजले जातात, म्हणजे अपघाताचा कागदच तयार होत नाही. कामाला लागून महिने झालेल्या मुलाचं ईएसआयचं कार्ड नेमकं अपघाताच्या दिवशी निघतं. गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा फलक असतो, त्यावरचा आकडा तुटू नये म्हणून आणि त्याला जोडलेला बोनस जाऊ नये म्हणून कामगारच कामगाराला गप्प करतो. हा बोनस बंद करा. लपवलेल्या अपघातावर बक्षीस देण्याची ही रीत माणसं मारणारी आहे.

4 मार्चच्या आत आम्हाला काय दिसलं पाहिजे, ते स्पष्ट लिहितो. प्रत्येक पाळीत एक वही, उघड्यावर ठेवलेली, जिच्यात कोणताही कामगार, कायम असो वा कंत्राटी, थोडक्यात काय टळलं ते लिहू शकेल. लिहिता येत नसेल तर सांगेल आणि दुसरा लिहील. लिहिणाऱ्याला मेमो नाही, नोकरीत ब्रेक नाही, पाळी बदलणं नाही. नोंद झालेलं मशीन कारण सापडेपर्यंत बंद. चौकशीला त्या मशीनवर रोज काम करणारा माणूस आणि मेंटेनन्सचा माणूस बसलेला हवा. एकट्या एचआरने केबिनमध्ये लिहिलेला कागद आम्ही चौकशी मानणार नाही. साक्षीदारांना त्याच पाळीत, वेगवेगळं विचारा, आणि तोवर मशीन पुसू नका, तुटलेला भाग भंगारात टाकू नका. उपाय म्हणून 'कामगाराला समज दिली' आणि 'नवे हातमोजे दिले' एवढंच लिहिलेलं असेल तर ती चौकशी अपुरी समजली जाईल. गार्ड, दोन्ही हातांची बटणं, सेन्सर, बदललेली डाय, पाळलेलं देखभालीचं वेळापत्रक, यातलं काहीतरी मशीनवर दिसलं पाहिजे. आणि बायपास केलेला प्रत्येक सेन्सर त्याच दिवशी परत जोडला गेला पाहिजे. कोणता सेन्सर कोणाच्या सांगण्यावरून बायपास झाला, हे आम्हाला माहीत आहे.

कामगार मित्रांनाही दोन शब्द. 'वाचलो' म्हणून चहा प्यायला जाऊ नका. तुम्ही वाचलात, पण तो प्रेस रात्रपाळीला दुसऱ्याच्या हाताखाली जाणार आहे. गार्ड काढून पीस-रेट वाढवणाऱ्याला 'हुशार' म्हणणं आपणही थांबवायचं आहे.

मुदत पाळली गेली नाही तर पुढचं असं होईल. जिवाला धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कायद्याने कामगाराला दिला आहे; तो हक्क आम्ही प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक नादुरुस्त मशीनसाठी, लेखी वापरू. तुम्ही वही ठेवली नाही तर आमची वही आम्ही ठेवू. तारीख, पाळी, मशीन नंबर आणि काय घडलं, एवढं त्यात असेल, आणि दर महिन्याला तिची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाईल. दुसरी प्रत तुमचा माल घेणाऱ्या गाडी कंपन्यांच्या खरेदी विभागाकडे जाईल. ज्या ब्रॅकेटसाठी ते तुमच्याकडे मूळ कारण मागतात, त्या ब्रॅकेटखाली कोणाची बोटं गेली हे त्यांनाही कळू द्या. डबल मारणारा प्रेस दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही चालवणार नाही. त्यासाठी कोणाला कामावरून काढलं तर त्या पाळीचं बाकीचं काम कसं काढायचं ते तुम्ही ठरवा, कारण एकट्याला काढून हा प्रश्न मिटेल असं आता राहिलेलं नाही.

संचालनालयातल्या अधिकाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की आमच्या प्रत्येक प्रतीवर आम्ही पोच घेऊ, आणि कोणत्या तारखेला कोणत्या मशीनबद्दल तुम्हाला कळवलं होतं याची नोंद आमच्याकडे राहील. 4 मार्चला पहिल्या पाळीच्या सुरुवातीला चौकशीच्या फायली शॉपफ्लोअरवर, सगळ्यांना उघडून बघता येतील अशा ठेवा. त्या पाहिल्यावरच शपथेला यायचं की नाही ते आम्ही ठरवू.