विश्लेषण : विद्यार्थ्यांनी फुले मोजून काय साधते?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दर उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थी गवतात वाकून एकेका झाडाची फुले मोजतात. काम किरकोळ वाटते. पण अशाच नोंदींनी एका रानफुलाच्या घटत्या संख्येमागचे महत्त्वाचे कारण दाखवून दिले. विद्यार्थ्यांचे संशोधन म्हणजे केवळ सराव, हा समज म्हणूनच तपासायला हवा.

प्रेअरी म्हणजे काय?

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवत आणि रानफुलांचा विस्तीर्ण प्रदेश म्हणजे प्रेअरी. त्यातील उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती. आज तिचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग शाबूत आहे. या गवताने शतकानुशतके घडवलेली सुपीक मातीच त्याच्या मुळावर आली. प्रेअरी नांगरली गेली आणि तिथे शेती उभी राहिली. रस्त्याकडेला, शेतांच्या मधे उरले ते तुकडे.

कोडे काय होते?

या तुकड्यांत एकिनेशियाची एक जात वाढते. सर्दीवरच्या औषधांमुळे हे नाव अनेकांना परिचित आहे. हे झाड अनेक वर्षे जगते, पण दरवर्षी फुलत नाही. स्वतःच्या परागकणांनी त्याला बी धरत नाही. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणावे लागतात. शेजारची झाडे त्याच काळात फुलली नाहीत, तर फूल येऊनही बी पोकळ राहते. झाडे दिसतात, पण पुढची पिढी तयार होत नाही.

उत्तर कसे मिळाले?

शिकागो बोटॅनिक गार्डनचे स्टुअर्ट वॅगनियस आणि सहकाऱ्यांनी ४० हेक्टरच्या संरक्षित प्रेअरीत ७७८ झाडांचा २१ वर्षे मागोवा घेतला. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गवताला नियंत्रित आग लावल्यानंतरच्या उन्हाळ्यात अधिक झाडे फुलतात, तीही एकाच सुमारास. त्यामुळे बी अधिक धरते, असे त्यात दिसले. पूर्वी स्थानिक आदिवासी समाज गवत पेटवत, विजेनेही वणवे लागत. शेतीवस्ती वाढल्यावर ते थांबले.

विद्यार्थ्यांचा वाटा कोणता?

या प्रकल्पात झाडे शोधणे, फुलण्याच्या तारखा टिपणे, अशा कामांत विद्यार्थ्यांचा मोठा हात असतो. नवख्या हातांनी चुका होतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपायही साधे आहेत : प्रत्येक झाडाला क्रमांक, ठरलेली पद्धत आणि फेरतपासणी. एका वर्षाच्या मोजणीतून हे उत्तर मिळालेच नसते. ते सातत्यातून मिळाले, आणि सातत्यासाठी दरवर्षी नवे हात लागतात.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

आग लावण्याचा नुस्खा नक्कीच नाही. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांचा पाऊस, गवत, चराई सगळेच वेगळे आहे. घ्यायचा आहे तो मोजण्याचा धडा. आपल्याकडे माळरानाला सर्रास ‘पडीक’ म्हटले जाते आणि तिथे झाडे लावणे किंवा प्रकल्प उभारणे सोपे वाटते. तिथे काय उगवते याची वर्षानुवर्षांची नोंद नसेल, तर काय गमावले हेही कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. पण प्रत्येक विद्यार्थ्याने नवा विषय घ्यायचा, अहवाल बांधायचा आणि तो कपाटात जायचा, असे झाले तर हाती गुणांपलीकडे काही लागणार नाही. त्यापेक्षा माळालगतच्या महाविद्यालयांनी चार-पाच चौकोन कायमचे आखावेत. प्रत्येक तुकडीने तेच मोजावेत आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती वही सांभाळणारा शिक्षक आणि दरवर्षी त्याच माळावर जाण्याची शिस्त.