उचल जोडीला मिळते

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्याआधीच टोळीसाठी मजूर जमवणारा मुकादम दारात येऊन उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देऊन गेलेला असतो. ही उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुलाचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता होतो, आणखी एक उचल हाती येते. मुलीच्या आईबापांपुढचा पेच वेगळा. पाच-सहा महिने पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? सोबत न्यावी तर शाळा सुटते, आणि उसाच्या फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं. मग नववीतल्या मुलीचं लग्न उरकलं जातं. त्या लग्नासाठी सासरच्यांनी घेतलेली उचल फेडायला तीच मुलगी पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के.

याच ग्रामीण महाराष्ट्रात तिशी ओलांडलेले शेतकऱ्यांचे मुलगे स्थळाची वाट पाहत बसलेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. सोयाबीन-कापसाच्या भावावर संसार उभा राहील, असं मुलीकडच्यांना वाटत नाही. (मुली जन्मूच दिल्या नाहीत, हेही विसरू नये: २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या.) पंधराव्या वर्षी उरकलेलं लग्न आणि पस्तिशीतही न जुळलेलं लग्न, दोन्हींच्या मुळाशी कोरडवाहू शेतीची तीच तुटपुंजी कमाई आहे.

म्हणून बालविवाहाविरुद्धच्या शपथा आणि प्रभातफेऱ्यांवर माझी भिस्त नाही. अठराचा कायदा या आईबापांना ठाऊक आहे. मुलीला सुरक्षित ठेवायला जागा नाही, ही त्यांची अडचण आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ही वसतिगृहं ऊसतोड कामगारांच्या प्रत्येक तालुक्यात, टोळ्या निघण्याआधी, मुलींना दहावी-बारावीपर्यंत राहता येईल अशी सुरू असली पाहिजेत. आणि जोडीची अट मोडून उचल व मजुरी प्रत्येक कामगाराच्या स्वतःच्या नावावर, बँकेतून मिळाली पाहिजे. साखर कारखान्यांच्या संचालकांनी येत्या गाळप हंगामाचे करार करतानाच हे लिहून घ्यावं.