मुदत टळलेली वचनचिठ्ठी

बँकेत कर्जखाती सांभाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षे. ती टळण्याआधी कर्जदाराची कर्जकबुलीवर नवी सही घेतली नाही, तर वसुलीचा दावाच बाद व्हायचा. अशा सह्यांसाठी मी पुष्कळ पायपीट केली आहे.

राज्यघटनेच्या ४५व्या कलमात राष्ट्राने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना अशीच चिठ्ठी लिहून दिली होती : दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण. १९६० साली मुदत टळली. सही मागायला कोण जाणार? ज्यांचे येणे होते ती मुले गुरे राखीत होती! हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात म्हटले ते १९९३ साली. मग २००२ची घटनादुरुस्ती, २००९चा कायदा आणि १ एप्रिल २०१०पासून अंमल. तोही ६ ते १४ वयापुरता. बालवाडीतले पोर हिशेबाबाहेरच राहिले.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न जुनाच. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, तेव्हाही विरोधकांच्या तोंडी खर्च होताच. कोल्हापूरसारख्या संस्थानाला मात्र ते १९१७ साली जमले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला शाहू महाराजांनी महिना एक रुपया दंड ठेवला होता.

आजच्या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि ठरलेला खर्च सरकारने भरून द्यायचा. ही भरपाई थकते, अशी शाळांची ओरड असते. संस्थाचालकांचे सगळेच अश्रू मला खरे वाटत नाहीत. पण थकबाकी ती थकबाकीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नामी युक्ती काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट! शहरात अशी शाळा किती ठिकाणी नसेल? देणे वाढू नये म्हणून खातेच बंद करण्याचा हा प्रकार. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, जुलैत ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पोराचे दप्तर कोणत्या शाळेसाठी भरायचे, हे अर्ज केलेल्या आईबापांना तोवर ठाऊक नव्हते.