नेट झाली, पुढे काय?

मंडळी, आमच्या पेण-रोह्याकडे घरातली मुलगी 'नेट' किंवा 'सेट' पास झाली की पेढे वाटतात. वाटावेतच, परीक्षा सोपी नाही. पण पेढा खाणाऱ्याला वाटतं, पोरगी प्राध्यापक झाली! नेट १९८९ पासून आहे, आपल्या राज्याची सेट १९९५ पासून. दोन्ही पात्रता परीक्षा. नेमणूक ही वेगळीच गोष्ट.

माझी एक जुनी विद्यार्थिनी रोह्याला राहते. एम.ए., सेट, पीएच.डी.चं काम चालू. सकाळी दिव्याची गाडी, दुपारी एस.टी., दोन कॉलेजांत शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे आजच्या भाषेत 'सी.एच.बी.'. जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. दिवाळीची सुट्टी, मे महिना बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा तीच फाइल घेऊन मुलाखतीला. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला पुढच्या हंगामाचा भरवसा असतो हो, हिला तेवढाही नाही.

आणि हे सी. डी. देशमुखांच्या रोह्यात! रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे फारसं कुणी सांगत नाही. प्राध्यापकाची पात्रता आज ठरवतो तो हाच आयोग. २०१८ साली त्याने म्हटलं, विद्यापीठ विभागात थेट नेमणुकीला पीएच.डी. हवीच. मग मुदत वाढवली, आणि २०२३ च्या जुलैपासून पुन्हा नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. मधल्या काळात ज्यांनी घाईघाईने प्रबंध धरले त्यांचं काय, ते कुणी विचारू नये!

माझ्या मते दुखणं नियमात नाही, निवडीत आहे. आमच्या शाळांकडे बघा. अनुदानित शाळेतला शिक्षक पूर्वी संस्थाचालकाच्या मर्जीने लागायचा. २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल आलं. त्यात तक्रारी पुष्कळ, भरती रखडते ती रखडतेच, पण गुण तरी सगळ्यांना दिसतात. सरकारी महाविद्यालयांसाठी लोकसेवा आयोग आहे. मग अनुदानित कॉलेजांतच, जिथे पगार सरकारी तिजोरीतून जातो, तिथे निवड संस्थेने नेमलेल्या मुलाखतीवर का? समितीत विद्यापीठाचे, सरकारचे प्रतिनिधी बसतात, मान्य. तरी गुणांची यादी आधी दारावर लावा, एवढं मागितलं तर बिघडलं कुठे?

दुसरं, पदं भरा. २०१८ मध्ये ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली तेव्हा किती आनंद झाला होता! पण निवृत्ती काही परवानगीची वाट बघत नाही. जागा रिकामी होते आणि तासिकावाल्यांवर काम भागतं. भागतंय म्हटल्यावर भरायची निकड कुणाला?

माझ्या भाचे-पुतण्यांना सांगणं एवढंच: जाहिरात दिसली की आधी विचारा, पद मंजूर आहे का, अनुदानित आहे का, बिंदुनामावली तपासून झाली आहे का. संशोधनाची आवड असेल तर जे.आर.एफ. साठी नेटाने अभ्यास करा. जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, वणवण तरी थांबते. आणि "काका, किती द्यावे लागतील?" असं विचारायला मला फोन करू नका. बाकी कशासाठीही करा.