महाबोधी महाविहाराची सुरक्षा: इशारा होता, मग जाब कुणी दिला?

7 जुलै 2013, रविवारची पहाट. बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारात साडेपाच ते सहाच्या दरम्यान एकामागून एक स्फोट सुरू झाले. विहार परिसर आणि आसपास मिळून दहा बॉम्ब फुटले, तीन निकामी केले गेले. दोन भिक्खूंसह पाच जण जखमी झाले. बोधिवृक्ष वाचला, मुख्य विहारही वाचला. बॉम्ब कमी तीव्रतेचे होते आणि एवढ्या पहाटे गर्दी नव्हती, म्हणून जीवितहानी टळली. यात सुरक्षा यंत्रणेचे श्रेय काहीच नाही.

आज महाविहार मुक्तीचे आंदोलन पुन्हा जोरात असताना ही जुनी घटना काढण्याचे कारण आहे. 12 फेब्रुवारी 2025 पासून भिक्खू उपोषणाला बसले, तेव्हापासून 1949 च्या बोधगया टेंपल कायद्यावर आपल्याकडे भरपूर बोलले गेले. विधी कोण करतो, दानपेटी कुणाच्या ताब्यात आहे, समितीत कुणाचे किती सदस्य, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. सुरक्षेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

इशारा मिळाला नव्हता असे कुणी म्हणू शकत नाही, आणि त्या इशाऱ्याचा धागा आपल्या पुण्यातून जातो. 1 ऑगस्ट 2012 रोजी पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. त्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी काही संशयितांना पकडले. बुद्धगयेची पाहणी करून ठेवल्याची माहिती त्यांच्या चौकशीतून ऑक्टोबर 2012 मध्ये बाहेर आली. म्हणजे प्रत्यक्ष स्फोटांच्या जवळपास नऊ महिने आधी. बिहारपर्यंत इशारा पोहोचला होता हे तिथल्या पोलिसांनीही नाकारले नाही. आम्ही बंदोबस्त वाढवला होता, असे त्यांचे म्हणणे. वाढवलेल्या बंदोबस्तातून तेरा बॉम्ब आत आणि आसपास ठेवले जातात, तर वाढवण्याआधी काय होते?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे शिक्षा झालेले आरोपी पुणे प्रकरणातले नव्हते. ते रांची आणि रायपूरकडच्या गटातले होते. म्हणून 'नावानिशी माहिती असून सोडून दिले' असे म्हणणे खोटे ठरेल. पण ठिकाण तर कळले होते. विहार जागच्या जागी उभा होता, त्याचे दरवाजे मोजके होते.

तपासाचे काय झाले तेही पाहा. सुरुवातीला संशयावरून ताब्यात घेतलेल्यांना सोडून द्यावे लागले. विहारात कॅमेरे होते, तरी महिनोन्‌महिने ठोस काही हाती लागले नाही. मग 27 ऑक्टोबर 2013 रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर सभेच्या वेळी स्फोट झाले. तिथे माणसे मेली. त्या प्रकरणात पकडलेल्यांकडून बुद्धगयेचा धागा एनआयएच्या हाती आला. बुद्धगयेचा उलगडा झाला तो त्याच राज्यात दुसऱ्यांदा अपयश आल्यानंतर. पुढे 2018 च्या मे महिन्यात पाटण्याच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना दोषी धरले आणि 1 जूनला जन्मठेप सुनावली. हे काम एनआयएने नीट तडीस नेले, ते मान्य केले पाहिजे.

पण न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच होता की बॉम्ब कुणी ठेवले. इशाऱ्याचा कागद कुणाच्या टेबलावर आला आणि त्याने त्याचे काय केले, हा प्रश्न फौजदारी खटल्यात येतच नाही. तो प्रशासनाने स्वतःला विचारायचा असतो आणि उत्तर लोकांपुढे ठेवायचे असते. आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल की त्या हलगर्जीपणासाठी अमुक अधिकारी जबाबदार धरला गेला? सुरक्षा यंत्रणांवरचा अविश्वास इथे मुरतो. स्फोट जगात कुठेही होतात. चूक कुणाची हे कधीच कळत नाही, तेव्हा माणूस स्वतःच उत्तर तयार करतो. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'हे सरकारनेच घडवले' अशा मजकुराला तयार गिऱ्हाईक मिळते ते यामुळेच. त्या मजकुराला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय तो पुढे ढकलणारा कार्यकर्ता आंदोलनाचेच नुकसान करतो. तसेच, पाच गुन्हेगारांच्या नावावरून सगळ्या मुस्लिम समाजाकडे बोट दाखवणारेही आपल्यात निघाले. भिक्खूंनी त्या दिवसांत काय केले? जखमींची शुश्रूषा केली आणि पूजापाठ पुन्हा सुरू केला.

स्फोटांनंतर सुरक्षा वाढली, पण ती कुणाला जाणवते? दरवर्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातून बसेस भरून जाणाऱ्या आपल्या आयाबायांना. मोबाइल बाहेर जमा करा, पिशव्या उघडा, रांगेत उभे राहा. तपासणीला कुणाची हरकत नाही. पण सारा काच भाविकाला आणि झालेल्या चुकीचा हिशेब कुणालाच नाही, हे कसे चालेल? शिवाय 19 जानेवारी 2018 रोजी दलाई लामा बुद्धगयेत असताना तिथे पुन्हा बॉम्ब सापडलेच. त्या प्रकरणी डिसेंबर 2021 मध्ये आठ जणांना शिक्षा झाली.

आता कायद्याकडे येऊ. 1949 च्या कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि पदसिद्ध अध्यक्ष म्हणून गयेचे जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदूच असला पाहिजे ही अट 2013 मध्येच काढली गेली, खुर्ची मात्र तीच राहिली. जिल्ह्याच्या कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी असलेला अधिकारीच विहार समितीचा अध्यक्ष. स्फोटांच्या वेळी आतली राखण समितीच्या खासगी रक्षकांकडे होती आणि बाहेरची पोलिसांकडे. समितीने 'पोलीस कमी पडले' अशी तक्रार करायची ठरवली तर अध्यक्ष ती कुणाकडे करणार? आणि प्रशासनाला 'समितीने रक्षक नीट नेमले नाहीत' असे म्हणायचे तर ते कुणाला? एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवण्याचा हा प्रकार. आपली माणसे, म्हणजे बौद्धांची स्वतंत्र समिती असती, तर तिने निदान जाब तरी मागितला असता. 1992 पासून भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली नागपूरचे लोक मुक्तीची मागणी करत आले, तिच्यात हा मुद्दाही ठळकपणे यायला हवा.

तरुणांना करण्यासारखे एक काम आहे. गुप्तचर विभाग आणि एनआयए माहिती अधिकाराच्या कलम 24 खाली बऱ्याच अंशी वगळलेले आहेत, तिथून उत्तर येणार नाही. पण जिल्हा प्रशासन वगळलेले नाही. कायद्याने स्थापन झाल्यामुळे मंदिर समितीही या अधिकाराच्या कक्षेत येते. 2012-13 मध्ये सुरक्षेबाबत किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्ते कुठे आहेत, स्फोटांनंतर खातेनिहाय चौकशी झाली का, आज परिसरात रक्षक किती आणि कुणाच्या नेमणुकीचे, एवढेच विचारा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला एक आणि समितीला एक असे दोन करा. दोन्हीकडे प्रमुख एकच अधिकारी असला तरी उत्तरे वेगवेगळी आली, तर ती दोन्ही शेजारी शेजारी छापता येतील.